साठा वाढला म्हणजे नेमकं काय झालं?

विकसनशील देशांतल्या कडधान्यांच्या साठ्यांची तुलना करायची म्हटली, की आपण सरळ तक्ता उघडतो. एका ओळीत भारत, दुसरीत ब्राझील, तिसरीत मोझांबिक. अधिक चिन्ह दिसलं की बरं वाटतं, उणे दिसलं की काळजी. आमचं म्हणणं असं, की तक्ता वाचण्याआधी चार प्रश्न विचारावेत. प्रश्न तर्कशास्त्राचे आहेत, पण ते न विचारल्याची किंमत शेतकरी मोजतो.

पहिला प्रश्न नावाचा. ‘बीन्स’ म्हणजे काय? जागतिक अन्न व शेती संघटनेच्या आकडेवारीत ‘सुके बीन्स’ या गटात ब्राझीलचा घेवडा येतो, आणि भारताचे मूग-उडीदही येतात. तूर आणि हरभरा मात्र त्या गटात नाहीत. म्हणजे ‘भारताचा बीन्सचा साठा’ असं म्हणताना रोजच्या वरणाची डाळच हिशेबातून गळते. शब्द एक आणि वस्तू वेगळ्या, असं असेल तर तुलना कशाची होणार?

दुसरा प्रश्न हिशेबाचा. सुरुवातीचा साठा, उत्पादन आणि आयात ही जमेची बाजू. खाणं, बियाणं, नासाडी, निर्यात आणि शेवटी उरलेला साठा ही खर्चाची. दोन्ही बाजू जुळायला हव्यात. पण पुष्कळ देशांत साठा कुणी मोजतच नाही. मग बाकीचे आकडे मांडायचे आणि जे उरेल त्याला ‘साठ्यातला बदल’ म्हणायचं! पिकाचा अंदाज चुकला, सीमेपलीकडे पोती चोरून गेली, तर ती चूकही साठ्याच्याच नावावर जमा होते. आणखी एक गंमत. या संघटनेच्या जुन्या ताळेबंदात माल साठ्यात गेला की उणे चिन्ह असे. नव्या पद्धतीत अधिक असतं. दोन काळांचे तक्ते न बघता जोडले, तर भरलेलं कोठार रिकामं दिसेल.

तिसरा प्रश्न वेळेचा. ३१ डिसेंबरला आपल्याकडे तुरीची काढणी जेमतेम सुरू होते, म्हणजे जुना साठा तळाला गेलेला असतो. मोझांबिकमध्ये तूर त्याआधीच काही महिने निघालेली असते. ब्राझीलमध्ये तर घेवड्याची वर्षाला तीन पिकं. एकाच तारखेला तिघांची कोठारं मोजणं म्हणजे एकाला जेवणाआधी आणि दुसऱ्याला जेवणानंतर वजनकाट्यावर उभं करण्यासारखं आहे.

चौथा प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा: अभावाचा. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. समोरच्या जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पण अट आहे: घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. तक्त्यातली कोरी चौकट ही अशी अंधारी खोली आहे. आपल्याकडे कणगीत राख लावून ठेवलेले मूग, बियाण्यासाठी काव फासलेली तूर कुठल्या सरकारी नोंदीत येते? पश्चिम आफ्रिकेत चवळी हे गरिबाचं मोठं अन्न. तिथे भुंग्यानं काही महिन्यांत पीठ होतं. तीन पदरी हवाबंद पिशव्या आल्यापासून शेतकरी काढणीनंतर लगेच विकण्याऐवजी माल घरी ठेवू शकतो. साठा खरोखर वाढला, पण तो घराघरात विखुरलेला. तक्त्याला तो दिसणार नाही.

उलट ब्राझीलकडे बघा. तिथला लोकप्रिय ‘कारिओका’ घेवडा ठेवला की काळवंडतो, शिजायला वेळ घेतो, आणि गिऱ्हाईक त्याला हात लावत नाही. तिथे साठा कमी असण्याचं एक कारण त्या दाण्यातच आहे. धोरण फसलं, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही.

आता चारही प्रश्न एका घटनेला लावून पाहू. २०१५च्या अखेरीस आपल्याकडे तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली. २०१६मध्ये सरकारनं २० लाख टन डाळींचा राखीव साठा करायचं ठरवलं, आणि त्याच वर्षी मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला. तिकडचे शेतकरी तुरीकडे वळले. इकडे पाऊस बरा झाला; देशातलं कडधान्याचं उत्पादन एका वर्षात सुमारे १६३ लाख टनांवरून २३१ लाख टनांवर गेलं. तुरीचा हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये, पण बाजारात त्याहून कमी दर. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, महाराष्ट्रात तर बारदान संपलं म्हणून माप थांबलं. ऑगस्ट २०१७मध्ये तूर आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा आली. करारातला माल त्यातून वगळला होता, तरी मोझांबिकमध्ये भाव कोसळलेच.

आता बघा. भारत सरकारच्या गोदामात साठा वाढला. मोझांबिकच्या शेतकऱ्याच्या झोपडीतही साठा वाढला, कारण घेणारा नव्हता. तक्त्यात दोन्हीकडे अधिक चिन्हच. एक साठा ठेवलेला, दुसरा पडून राहिलेला. ‘ठेवणं’ आणि ‘पडून राहणं’ यांतला फरक आपली भाषा सहज जाणते, आकडा जाणत नाही. आणि आपल्याकडेही सरकारचं कोठार भरलं ते शेतकऱ्याचा भाव पडला म्हणून. ते वर्ष कुणासाठी सुगीचं होतं, हे त्या अधिक चिन्हावरून सांगता येत नाही.

मग तुलना करूच नये का? करावी, जरूर करावी. साठ्यांची माहिती नसती तर टंचाईची चाहूलच लागली नसती. फक्त प्रत्येक आकड्याशेजारी एक प्रश्न लिहून ठेवावा: हा माल कुणाच्या ताब्यात आहे, आणि तो त्यानं स्वतःहून ठेवला आहे का? एवढं विचारलं तरी तक्त्यामागची माणसं दिसू लागतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.