सभासदाची मुदत आणि कोर्टाची वेळ : लहान व्यवसायाच्या डेटाबेसविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

तालुक्याच्या गावातील तीन कोर्टांचे बॅडमिंटन सभागृह हा व्यवहार दिसायला सोपा असतो : सभासद फी भरतात, खेळण्याची वेळ राखून ठेवतात आणि मुदत संपली की नूतनीकरण करतात. तरीही अशा सभागृहाची माहिती संगणकावर ठेवताना झालेल्या चुका बहुधा उशिरा, म्हणजे पहिली दरवाढ होते किंवा परताव्यावरून पहिला वाद उभा राहतो तेव्हा उघड होतात, आणि तोपर्यंत जी माहिती कधी नोंदवलीच गेली नाही ती मागाहून मिळवण्याचा मार्ग उरलेला नसतो. डेटाबेस म्हणजे परस्परांशी संबंधित माहितीचा असा साठा, ज्यात माहितीबरोबरच तिने पाळायचे नियमही नोंदवता येतात. यातील नियमांचा भाग दुर्लक्षित राहतो, आणि पुढील बहुतेक गैरसमजांचे मूळ तेथेच आहे.

गैरसमज १ : व्यवसाय लहान असल्यामुळे एक्सेलचा एकच तक्ता पुरतो.

वस्तुस्थिती : आकारापुरते पाहिले तर तो खरोखरच पुरतो. एक्सेलच्या एका पानात १०,४८,५७६ ओळी मावतात. तीन कोर्टे रोज १६ तास, वर्षाचे ३६५ दिवस, तासातासाने भरली तरी वर्षाला १७,५२० बुकिंग होतात, म्हणजे ते पान भरायला सुमारे ६० वर्षे लागतील. खरी अडचण पुनरावृत्तीची आहे. बुकिंगच्या प्रत्येक ओळीत सभासदाचे नाव, फोन आणि पत्ता पुन्हा लिहिला, तर पत्ता बदलल्यावर तो शेकडो ओळींत बदलावा लागतो, आणि काही ओळी सुटून गेल्या की खरा पत्ता कोणता हे तक्त्यावरून ठरवता येत नाही. आयबीएममधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे तक्त्यांमधील नाती समान मूल्यांनी जोडणाऱ्या पद्धतीची, मांडणी केली; तिच्यातूनच पुढे ‘नॉर्मलायझेशन’चे, म्हणजे प्रत्येक गोष्ट एकाच जागी नोंदवण्याचे, नियम विकसित झाले. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. २००० सालापासून उपलब्ध असलेले एसक्यूलाइट मोफत आहे आणि संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये ठेवते. अनेक संगणकांवरून एकाच वेळी काम करायचे असेल तर पोस्टग्रेएसक्यूएलसारखा, तितकाच मोफत, पर्याय आहे.

गैरसमज २ : सभासद आणि सभासदत्व ही एकच नोंद असते.

वस्तुस्थिती : सभासद ही व्यक्ती आहे, तर सभासदत्व हा त्या व्यक्तीने ठरावीक मुदतीसाठी केलेला करार आहे. एक व्यक्ती तिमाही योजना घेते, मध्ये दोन महिने येत नाही, मग वार्षिक योजना घेते; व्यक्ती तीच राहते, करार मात्र दोन होतात. सभासदाच्या ओळीतच ‘मुदत संपण्याची तारीख’ हा रकाना ठेवला, तर प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी जुनी तारीख खोडली जाते, आणि गेल्या वर्षी किती जणांनी नूतनीकरण केले, कोण मध्येच सोडून परत आले, या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या प्रश्नांना उत्तर राहत नाही. म्हणून येथे किमान तीन तक्ते हवेत : सभासदांचा, योजनांचा (नाव, कालावधी, सध्याचा दर) आणि सभासदत्वांचा, ज्याच्या प्रत्येक ओळीत सभासद कोण, योजना कोणती, मुदत कधीपासून कधीपर्यंत आणि किती रक्कम ठरली हे नोंदवलेले असते. मुदतीच्या दोन्ही तारखा प्रत्यक्ष नोंदवाव्यात, कारण ३१ जानेवारीला सुरू झालेला एक महिना कधी संपतो याचे उत्तर प्रत्येकजण आपापल्या परीने देतो, आणि कोर्टाच्या दुरुस्तीमुळे सभागृह आठवडाभर बंद राहिले तर सर्वांची मुदत तेवढी वाढवावीही लागते. मुलांची फी पालक भरतात तेथे खेळणारा आणि पैसे भरणारा या दोन भूमिकाही वेगळ्या नोंदवाव्या लागतात.

गैरसमज ३ : मोबाइल क्रमांक हीच सभासदाची खात्रीची ओळख असते.

वस्तुस्थिती : प्रत्येक ओळ निःसंदिग्धपणे ओळखणाऱ्या मूल्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात, आणि हे मूल्य कधीही बदलू नये अशी अपेक्षा असते. मोबाइल क्रमांक ही अट पूर्ण करत नाही : एकाच क्रमांकावर आई आणि दोन मुले नोंदवलेली असतात, सभासद क्रमांक बदलतो, आणि बंद झालेला क्रमांक भारतात ९० दिवसांच्या अवधीनंतर नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, त्यामुळे जुन्या सभासदाचा क्रमांक घेऊन सर्वस्वी नवा माणूस दारात उभा राहणे शक्य आहे. नावाची स्थिती याहून अवघड आहे, कारण ‘श्रीकांत’ आणि ‘श्रीकान्त’ वाचणाऱ्याला एकच वाटले तरी संगणकाच्या लेखी ती दोन निराळी मूल्ये असतात. म्हणून डेटाबेसने स्वतः दिलेला, अर्थ नसलेला आणि पुन्हा कधीही न वापरला जाणारा अनुक्रमांक ही ओळख असावी. मोबाइल क्रमांक शोधण्यासाठी आणि संपर्कासाठी ठेवावा.

गैरसमज ४ : कोर्ट मोकळे आहे हे पाहूनच नोंद केली, तर एकाच वेळेचे दोनदा बुकिंग होणार नाही.

वस्तुस्थिती : येथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिला प्रश्न दोन वेळा एकमेकींवर येतात की नाही हे ओळखण्याचा. सुरुवातीची वेळ जुळते का एवढेच तपासले, तर ६ ते ७ या बुकिंगवर साडेसहा ते साडेसातचे बुकिंग बिनदिक्कत चढते. अचूक कसोटी अशी आहे की नव्या बुकिंगची सुरुवात जुन्याच्या शेवटाआधी असेल आणि नव्याचा शेवट जुन्याच्या सुरुवातीनंतर असेल, तर दोन्ही वेळा एकमेकींवर येतात. या कसोटीत सुरुवातीचा क्षण बुकिंगमध्ये धरला जातो आणि शेवटचा क्षण धरला जात नाही, त्यामुळे ६ ते ७ आणि ७ ते ८ ही लागोपाठची बुकिंग एकमेकांना अडवत नाहीत आणि शेवट ६.५९ असा लिहिण्याची सर्रास आढळणारी पळवाट अनावश्यक ठरते.

दुसरा प्रश्न पाहणे आणि नोंदवणे यांमधल्या क्षणाचा आहे. काउंटरवरील कर्मचारी आणि मोबाइलवरून बुकिंग करणारा सभासद या दोघांनी एकाच वेळी कोर्ट क्रमांक २ ची ७ ची वेळ पाहिली, तर दोघांनाही ती मोकळी दिसते, दोघेही नोंद करतात आणि दोघांचीही तपासणी नियमानुसारच झालेली असते. अनेक क्रिया एक तर पूर्ण होतील किंवा एकही होणार नाही अशी हमी देणाऱ्या ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये हे काम बांधले, तरी नेहमीच्या मांडणीत तेवढ्याने ही टक्कर टळत नाही. नियम डेटाबेसमध्येच बंधन म्हणून घालावा लागतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१० च्या ९.० आवृत्तीपासून ‘एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट’ आहे, ज्यामुळे त्याच कोर्टाच्या एकमेकींवर येणाऱ्या वेळांची दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो. ही सोय नसलेल्या प्रणालीत दिवसाचे अर्ध्या तासाचे ठरावीक भाग पाडून कोर्ट, तारीख आणि भाग या तिन्हींचा तोच संच एकदाच येऊ शकेल असे ‘युनिक’ बंधन घातले की हेच साध्य होते. दोघांपैकी एकाला नकार मिळतो, पण तो पैसे भरून, रॅकेट घेऊन सभागृहात पोहोचण्याआधी मिळतो.

गैरसमज ५ : पुनरावृत्ती टाळायची, म्हणून दर एकाच जागी ठेवावा, सोयीसाठी मात्र ‘चालू’ किंवा ‘बंद’ असा रकाना असावा.

वस्तुस्थिती : दोन्ही बाबतीत नेमके उलट करणे योग्य आहे. सभासदत्व चालू आहे की नाही हे मुदतीच्या तारखांवरून केव्हाही काढता येते. तो रकाना वेगळा ठेवला तर रोज कोणीतरी तो बदलण्याची जबाबदारी घ्यावी लागते, आणि एखाद्या दिवशी ते राहून गेले की तारखा एक सांगतात व रकाना दुसरेच. पावतीवरील रक्कम आणि कराचा दर मात्र त्या दिवसाची घटना असल्यामुळे पावतीबरोबर गोठवून ठेवावे लागतात. व्यायामशाळा आणि योगवर्ग यांसारख्या सेवांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून, इनपुट टॅक्स क्रेडिटविना, ५ टक्के झाला. ज्या व्यायामशाळेची पावती योजनेच्या तक्त्यातील चालू दरावरून दर वेळी नव्याने मोजली जात असेल, तिच्या ऑगस्टमधील पावत्या ऑक्टोबरमध्ये छापल्यावर वेगळा कर दाखवतील. योजनेतील दर म्हणजे आजचा भाव आणि पावतीतील दर म्हणजे त्या दिवशी झालेला व्यवहार. आकडे सारखे दिसले तरी ही पुनरावृत्ती नाही. रक्कम नेहमी पूर्णांकी पैशांत किंवा दशांश प्रकारात साठवावी, कारण संगणकाच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ प्रकारात ०.१ सारखी संख्याही अचूक मावत नाही.

गैरसमज ६ : रद्द झालेले बुकिंग पुसून टाकावे, आणि सभासदाची माहिती मात्र कायमची जपून ठेवावी.

वस्तुस्थिती : रद्द करणे हीदेखील व्यवहारातील घटना आहे. ती कोणी, केव्हा केली आणि परतावा दिला का, हे नोंदीत राहिले तरच वाद मिटतो आणि ऐनवेळी रद्द करण्याची सवय कोठे आहे हेही दिसते. म्हणून बुकिंगची ओळ ठेवून तिची स्थिती बदलावी आणि वर सांगितलेले बंधन फक्त रद्द न झालेल्या बुकिंगना लागू करावे, म्हणजे ती वेळ दुसऱ्याला मिळू शकते. वैयक्तिक माहितीबाबतचा विचार वेगळा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशा अशी आहे की माहिती सांगितलेल्या उद्देशापुरतीच घ्यावी, उद्देश संपल्यावर कायद्याने बंधनकारक नसेल तर ती पुसावी, आणि १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळता येण्याजोगी संमती असावी. उन्हाळी शिबिरे घेणाऱ्या सभागृहांना यातील शेवटचा मुद्दा थेट लागू पडतो. दुसऱ्या बाजूला, जीएसटी नोंदणी असलेल्या व्यवसायाला हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. व्यक्तीची माहिती आणि पैशांची नोंद वेगवेगळ्या तक्त्यांत असतील, तरच पहिली वेळेवर पुसून दुसरी मुदतभर राखणे शक्य होते.

या सर्वांवरून कामाचा क्रमही स्पष्ट होतो. सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी किंवा पडद्यावरील फॉर्म आखण्यापूर्वी मालकाने आणि काउंटरवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याने मिळून, व्यवसायात कोणत्या घटना घडतात, त्यांना कोणते नियम लागू आहेत आणि वर्षअखेरीस कोणते प्रश्न विचारले जाणार आहेत, हे साध्या मराठीत कागदावर लिहून काढावे. फॉर्म केव्हाही बदलता येतो. घडलेल्या घटनेची नोंद मात्र ती घडते त्या वेळीच करावी लागते. सभासदाने दिलेले पैसे आणि त्याला दिलेली वेळ यांचा चोख हिशेब ही त्याच्याशी केलेल्या व्यवहारातील प्रामाणिकपणाची बाब आहे, आणि तो हिशेब कर्मचाऱ्याच्या स्मरणशक्तीवर सोडण्याचे कारण सभागृह लहान असले तरी उरत नाही.