राम कोणता, सुरेखा कोणती? कोशातील नोंदीच्या शीर्षकाविषयी

कोशात नोंद शोधताना आपण शीर्षक वाचतो आणि लगेच मजकुराकडे वळतो. ते शीर्षक कोणी, काय विचार करून ठरवले असेल, हे मनातही येत नाही. आज त्या शीर्षकापाशीच थोडे थांबायचे आहे.

छापील कोशात एका नावाखाली अनेक माणसे बसू शकतात. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांच्या प्राचीन चरित्रकोशात एकाच नावाच्या व्यक्ती एकापाठोपाठ, क्रमांक घालून येतात. विकिपीडियावर मात्र, आणि २००३ पासून तो मराठीतही आहे, ही सोय नाही. तिथे शीर्षक हाच पानाचा पत्ता. एका पत्त्यावर एकच घर. मग दुसऱ्या पानाला कंसात काहीतरी जोडावे लागते. एकाच व्यक्तीची दोन नावे असली तर एका नावावरून दुसऱ्याकडे पाठवणारे ‘पुनर्निर्देशन’ असते. एकाच नावाच्या अनेक नोंदी असल्या तर त्यांची यादी देणारे ‘निःसंदिग्धीकरण’ पान असते. (हा शब्द उच्चारताना माझ्या वयाच्या लोकांनी कवळी सांभाळावी.)

जिवंत माणसांच्या बाबतीत हे सोपे आहे. दवाखान्यात एकाच नावाचे दोन रुग्ण आले की आम्ही केसपेपरवर वय आणि गल्ली लिहितो. पण एकच पात्र दोन-तीन कथाविश्वांत वावरत असेल, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे नाव किंवा नशीब वेगळे असेल, तर काय करायचे?

आधी आपल्या हैदराबादचेच उदाहरण घेऊ. इथल्या मराठी घरांत बलरामाची मुलगी म्हणजे सुरेखा. ‘सुरेखाहरण’ ही आजीच्या तोंडची कथा. बाबूराव पेंटरांनी १९२१ साली त्यावर मूकपट काढला आणि त्यात व्ही. शांताराम प्रथम पडद्यावर आले. काही घरांत तिलाच वत्सला म्हणतात. पण जामबागेत वाढलेल्या नातवंडांना विचारा, ती शेजारच्या तेलुगू घरात ‘मायाबाजार’ पाहून आलेली असतात. १९५७ च्या त्या चित्रपटात सावित्रीने रंगवलेली ती शशिरेखा. गंमत अशी की व्यासांच्या महाभारतात ही मुलगीच नाही, अभिमन्यूची पत्नी तिथे उत्तरा आहे. म्हणजे ‘मूळ नाव’ शोधायला जाल तर हात रिकामे येतील. इथे माझे मत स्पष्ट आहे. मराठी कोशात मराठी परंपरेतले नाव शीर्षकात यावे, शशिरेखा आणि वत्सला ही पुनर्निर्देशने असावीत, आणि कोणते नाव कुठले हे पहिल्या परिच्छेदातच सांगावे. मुलगी एकच आहे, तिला तीन पाने नकोत.

याच्या उलट स्थिती रामाची. तिथे नाव एक आहे, पण माणूस एकच म्हणावा की नाही हा प्रश्न आहे.

जैन रामकथेचा उपलब्ध असलेला सर्वांत जुना मोठा ग्रंथ विमलसूरींचा ‘पउमचरियं’. तो महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजभाषेत. ‘पउम’ म्हणजे पद्म, आणि पद्म म्हणजे राम. या विश्वात राम गोरा आणि लक्ष्मण सावळा आहे. रावण राक्षस नव्हे, विद्याधर राजा आहे. त्याला दहा तोंडे नाहीत. गळ्यातल्या हारातील रत्नांत चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबे पडली म्हणून तो दशमुख. वानर हे ध्वजावर वानरचिन्ह असलेले विद्याधर. आणि सर्वांत मोठा फरक असा की रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो, तेही रावणाने फेकलेल्या चक्रानेच. त्या हिंसेपायी लक्ष्मण नरकात जातो. राम दीक्षा घेऊन मोक्षाला जातो.

आता या व्यक्तीच्या पानाला शीर्षक काय द्यायचे? सहज सुचते ते ‘राम (जैन)’. ते मला तीन कारणांनी खटकते.

पहिले असे की जैन रामकथाही एक नाही. विमलसूरींची परंपरा सातव्या शतकात रविषेणांनी संस्कृतात नेली. पण राष्ट्रकूट काळात गुणभद्रांनी ‘उत्तरपुराणा’त निराळीच कथा सांगितली. तिथे दशरथ वाराणसीचा राजा आहे आणि सीता मंदोदरीची मुलगी. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे गुलबर्ग्याकडचे मळखेड, निजामाच्या राज्यातले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या बाजूच्या सुना आल्या आहेत. तेव्हा ‘जैन’ एवढ्या कंसाने वाचकाला कळणार नाही की सीता इथे जनकाची की रावणाची.

दुसरे कारण नावातलेच. श्वेतांबर परंपरेतल्या नऊ बलदेवांच्या यादीत आठवा पद्म आहे आणि नववा राम. हा नववा म्हणजे कृष्णाचा भाऊ, आपला बलराम. त्या यादीपुरता ‘राम’ शब्द दुसऱ्याच माणसाचा आहे. (ग्रंथांचीही हीच गत. रविषेणांचा ग्रंथ ‘पद्मपुराण’ आणि अठरा पुराणांतलेही एक ‘पद्मपुराण’. दोन्ही वेगळे.)

तिसरे कारण जरा मनाला लागणारे. काही जण अशा पात्राला ‘पर्यायी राम’ म्हणतात. ज्या घरात आजोबांनी पद्मचरित वाचून दाखवले, त्या घराला तो पर्याय नसतो. आणि ग्रंथालाही दुसरी कथा ठाऊक आहेच: कुंभकर्ण सहा महिने झोपत होता म्हणतात ते खरे का, अशा शंका श्रेणिक राजा गौतम गणधरांना विचारतो आणि तिथून कथा सुरू होते. जाणूनबुजून दिलेले उत्तर आहे ते. वाल्मीकींच्या पानाला तळटीप म्हणून त्याची बोळवण होऊ नये.

म्हणून शीर्षक ‘पद्म (पउमचरियं)’ असावे. नाव त्या विश्वातले आणि कंसात ग्रंथ. गुणभद्रांचा हवा असेल तर ‘राम (उत्तरपुराण)’. नुसते ‘राम’ हे शीर्षक दाशरथी रामाकडे राहो, बहुसंख्य वाचक त्यालाच शोधत येतात. ती वाचकाची सोय झाली. खरा कोण, याचा तो निवाडा नव्हे.

इंग्रजी चित्रकथांच्या चाहत्यांनी हीच अडचण आकड्यांनी सोडवली आहे. त्यांच्या कोशात ‘पीटर पार्कर (अर्थ-६१६)’ अशी शीर्षके असतात, प्रत्येक विश्वाला क्रमांक. २००४ मध्ये भारतीय स्पायडरमॅन आला तो मुंबईत राहणारा पवित्र प्रभाकर. त्याची मैत्रीण मेरी जेन नव्हे, मीरा जैन! (आमच्या समाजाचा एवढाच सहभाग.) त्याचे विश्व ५०१०१ वे. पद्धत नेमकी आहे, पण आकडा पाठ असल्याशिवाय काही कळत नाही. आपल्याकडे त्यापेक्षा जुनी आणि बोलकी युक्ती आहे: दाशरथी राम, जामदग्न्य राम, रौहिणेय राम. बापाचे किंवा आईचे नाव लावले की झाले.

नाव बदलून आलेल्या पात्राने स्वतःचे पान कधी मागावे? आगरकरांनी ‘विकारविलसित’मध्ये हॅम्लेटला चंद्रसेन केले. नुसते भाषांतर असते तर पुनर्निर्देशन पुरले असते. पण गणपतराव जोशींनी चंद्रसेन असा उभा केला की मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या भूमिकेला स्वतःचे चरित्र आहे. त्याला पान द्यावे. देवलांच्या झुंझाररावालाही, ऑथेल्लोच्या पानावर एक ओळ टाकून भागणार नाही.

सर्वांत जास्त घोटाळा कर्णाच्या बाबतीत होतो, कारण तिथे नावही बदललेले नाही. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ चे, रणजित देसाईंचे ‘राधेय’ त्यानंतरचे. आपल्या पिढीने कर्ण तिथेच ओळखला. कर्णाची वृषाली म्हटले की आपल्याला ‘मृत्युंजय’ आठवते, आणि तिचे बोलणे व्यासांचे की सावंतांचे हे कोणी विचारत नाही. १९६७ मध्येच ‘युगान्त’ आले. इरावती कर्व्यांनी त्यात कर्णाकडे किती कोरड्या नजरेने पाहिले आहे! तिन्ही एका पानावर कालवले की तयार होणारा कर्ण कोणाचाच नसतो. कुंडलांचे तेज एकाचे, आक्रोश दुसऱ्याचा. मग शाळेतली पोरे तोच उतारा निबंधात ‘महाभारतात म्हटले आहे’ म्हणून लिहितात. इथे ‘कर्ण’ आणि ‘कर्ण (मृत्युंजय)’ ही दोन पाने हवीत, आणि पहिल्या पानावर वरच्या बाजूला एक ओळ: कादंबरीतील पात्रासाठी दुसरे पान पाहा.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुनी आख्याने, नाटकांच्या प्रती किंवा हस्तलिखिते आहेत त्यांनी पात्रांची नावे जशी छापली वा लिहिली आहेत तशीच, ऱ्हस्व-दीर्घासह, उतरवून ठेवावीत आणि शेजारी ग्रंथाचे नाव व साल लिहावे. नोंद करणाऱ्याला कंसात काय घालायचे ते तिथूनच मिळेल.