संगणक-प्रकल्प आणि सामूहिक जबाबदारी

शालेय संगणक-प्रकल्पाचे एक चित्र सर्वत्र दिसते. गटातील एखादा हुशार विद्यार्थी सारा प्रोग्राम लिहितो, बाकीचे मुखपृष्ठ सजवितात. सादरीकरणाच्या दिवशी तो एकदा चालतो आणि गुण मिळताच कायमचा विसरला जातो. हे चित्र पालटण्याचा मार्ग आम्हांस ‘डेव्हऑप्स’ या कार्यपद्धतीत दिसतो.

सॉफ्टवेअर उद्योगात प्रोग्राम लिहिणारे (डेव्हलपमेंट) आणि तो प्रत्यक्ष चालविणारे (ऑपरेशन्स) असे दोन विलग गट असत. बिघाड झाला की एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, ही रीत. जून २००९ मध्ये फ्लिकर या छायाचित्र-संकेतस्थळाच्या जॉन ऑल्सपॉ व पॉल हॅमंड यांनी, हे गट एकत्र आल्यास दिवसातून दहाहून अधिक वेळा सुधारणा करता येतात, हे एका परिषदेत मांडले. त्याच वर्षी बेल्जियममधील गेंट येथे पॅट्रिक देब्वा यांनी भरविलेल्या परिषदेतून ‘डेव्हऑप्स’ हे नाव रूढ झाले.

वर्गासाठी ग्रंथालयातील पुस्तक-नोंदीचा छोटा प्रोग्राम पुरेसा आहे. पहिली पायरी ‘गिट’ची. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी निर्माण केलेले हे साधन प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याची नोंद ठेवते. कशासाठी केला, हे विद्यार्थ्याने एका वाक्यात लिहावयाचे असते. इतिहासाच्या अभ्यासकास अशा अस्सल साधनाचे मोल सांगावे लागत नाही. दुसरी पायरी, बदल लहान ठेवावा आणि सहाध्यायाने वाचल्याविना तो मुख्य प्रतीत घेऊ नये. तिसरी, ‘दिलेले पुस्तक परत येईपर्यंत दुसऱ्यास देता येऊ नये’ अशा अटी संगणकाने प्रत्येक बदलानंतर आपोआप तपासाव्यात. चौथी, प्रोग्राम ग्रंथालयात खरोखर वापरात आणावा व लिहिणाऱ्यांनीच तो पाळीपाळीने सांभाळावा.

बिघाड होणारच. तेव्हा गिटमधून आधीची चालणारी प्रत परत आणावी. मग गटाने ‘कोणी बिघडविले’ हे न विचारता ‘कोणती तपासणी अपुरी पडली’ हे लिहून काढावे. २०१२ साली ऑल्सपॉ यांनी एट्सी कंपनीतील ही दोषारोपविरहित पद्धत लेखातून मांडली होती. ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, माऊसवर हात ठेवतानाही जो बिचकतो, त्याला तिचा लाभ सर्वाधिक. मोडलेले पूर्ववत करता येते, हे उमगताच तो निर्भयपणे प्रयोग करू लागतो.

संगणकक्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक तास मुलांचे बदल वाचून अभिप्राय द्यावा, अशी आमची विनंती आहे. हे काम दूर गावाहूनही होऊ शकते.