‘मेले’ आणि ‘वारले’

छत्तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात रजेचे किती अर्ज माझ्या हातांखालून गेले असतील, याची गणती करणे अशक्य आहे. ताप, पोटदुखी, मावशीचे लग्न आणि गावची जत्रा या चार कारणांच्या पलीकडे विद्यार्थ्यांची कल्पनाशक्ती सहसा जात नाही. परंतु १९८३ सालच्या पावसाळ्यात इयत्ता सातवीतील एका मुलाने आणलेला अर्ज मात्र या सर्वांहून निराळा होता. ‘आमचे मांजर वारले, म्हणून मी काल शाळेत येऊ शकलो नाही’, एवढेच त्यात लिहिले होते. मी लाल शाईची लेखणी उचलली, ‘वारले’ हा शब्द खोडला आणि त्याच्या डोक्यावर ‘मेले’ असे लिहिले. माणसे वारतात, जनावरे मरतात, हा भाषेचा दंडक मी सबंध वर्गाला समजावून सांगितला. वर्ग हसला. तो मुलगा मात्र मान खाली घालून उभा राहिला. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा मी रंगवून सांगितला आणि तेथेही हशा मिळवला.

व्याकरणाच्या दृष्टीने माझे काही चुकले होते, असे मला आजही वाटत नाही. परंतु व्याकरण बरोबर असले म्हणजे शिक्षक बरोबर असतो असे नव्हे, हे कळायला मला चाळीस वर्षे आणि एक म्हातारी मांजर लागली.

वाड्यातील वारसा

ही मांजर आम्ही हौसेने पाळलेली नव्हती. पुण्याच्या पेठेतील ज्या वाड्यात आमचे बिऱ्हाड होते, तो २०१७ साली पाडावयाचा ठरला. जागेच्या वाटण्या, भाड्याचे हिशेब आणि नव्या इमारतीतील चौरस फुटांचे दावे यांवर वर्षभर खल झाला. करारनाम्यात प्रत्येक बिऱ्हाडकरूचे नाव आले, त्याच्या खोल्यांचे मोजमाप आले. ज्यांची नावे कोठेच आली नाहीत अशी वाड्यात पाच मांजरे होती. त्यांतील चौघे गडी तरुण होते. ते छपरांवरून कोठे ना कोठे निघून गेले. पाचवी होती वरच्या मजल्यावरील आजींची ठमी. वय सुमारे नऊ वर्षांचे, एक कान फाटलेला आणि स्वभाव विलक्षण मानी. आजींना त्यांचा मुलगा बेंगळुरूला नेणार होता. तेथील घरात मांजराला जागा नव्हती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आजी आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, हिचं आता फार दिवस राहिलेलं नाही. तेवढे दिवस सांभाळा.”

आजींचा अंदाज चुकला. ठमी त्यानंतर सात वर्षे जगली. आजी मात्र दोनच वर्षांत गेल्या.

पहिले तीन महिने ठमीने आम्हांला घरमालक म्हणून मान्यता दिली नाही. नव्या सदनिकेतील कपाटाखाली तिने आपला मुक्काम ठोकला आणि रात्री आम्ही निजल्यानंतरच ती जेवण्यास बाहेर येई. पुढे एका दुपारी मी वर्तमानपत्र वाचीत बसलो असता ती आली आणि अग्रलेखावरच बसली. तेव्हापासून आमचा सहवास सुरू झाला. दत्तक हा शब्द आपण मुलांसाठी वापरतो, आणि त्यात दत्तक घेणाऱ्याची निवड गृहीत धरलेली असते. येथे निवड तिची होती. आम्ही केवळ नाकारले गेलो नाही, एवढेच.

जुना शेजार

मांजर आणि माणूस यांचा शेजार किती जुना आहे, याचा पुरावा २००४ साली सायप्रस बेटावरील उत्खननातून प्रसिद्ध झाला. सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारीच एका मांजराचा सबंध सांगाडा मिळाला. सायप्रस हे बेट आहे आणि मांजर तेथील मूळचा प्राणी नव्हे. म्हणजे कोणीतरी त्यांना होडीतून समुद्रापार नेले असले पाहिजे. शेतीला नुकताच आरंभ झालेला तो काळ. धान्याच्या साठ्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले, ही उपपत्ती सर्वमान्य आहे. परंतु केवळ उंदीर मारण्यासाठी ठेवलेल्या प्राण्याला माणसाच्या शेजारी कोणी पुरीत नाही. घरचे मांजर मेल्यावर प्राचीन इजिप्तमधील लोक शोक म्हणून आपल्या भुवया उतरवीत, अशी नोंद ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने करून ठेवली आहे.

आपल्याकडील वृत्ती मात्र दुहेरी आहे. लहान मुलांचे रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचे वाहन म्हणून मांजराला मान आहे. परंतु तेच मांजर आडवे गेले की आपण दोन पावले मागे घेतो. मांजर मारल्यास सोन्याचे मांजर करून काशीला दान करावे लागते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. आणि हे दान ज्यांना परवडणारे नाही, ते घरातील पिले पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतात! मारण्याचे पाप आपल्याला नको असते. ते उपासमारीच्या आणि रस्त्यावरील वाहनांच्या माथी मारले की आपले हात स्वच्छ राहतात.

कायद्याने हे हात स्वच्छ मानलेले नाहीत. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० साली झाला. भूक किंवा तहान यांमुळे हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा त्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? किमान दहा रुपये आणि कमाल पन्नास रुपये! १९६० साली या रकमेला काही अर्थ असेल. आज मांजर सोडून येण्यासाठी लागणारे रिक्षाचे भाडेही याहून अधिक होते. वाडे पडताहेत, चाळी पडताहेत, आणि प्रत्येक पाडकामात चार-दोन मुके बिऱ्हाडकरू ढिगाऱ्यावर राहतात. त्यांच्यासाठी कोणी सोन्याची मूर्ती घडवावी अशी अपेक्षा नाही. घर सोडताना त्यांचाही विचार व्हावा, इतकीच आहे.

एक कठीण निर्णय

पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर ठमी पाणी फार पिऊ लागली. उन्हाळा असेल, असे आम्ही म्हटले. मग ती वाळू लागली. चार किलोंची मांजर सव्वादोन किलोंवर आली, तेव्हा आम्ही तिला पशुवैद्यांकडे नेले. मूत्रपिंडे निकामी होत आली होती. म्हाताऱ्या मांजरांचा हा नित्याचा विकार आहे. सुमारे दोन तृतीयांश कार्यशक्ती नष्ट होईपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही, आणि जे नष्ट झाले ते परत येत नाही. आहार सांभाळणे, मळमळीवर औषध देणे आणि कातडीखाली सलाइन सोडणे, एवढेच हाती उरते. ती सुई टोचण्यास मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शिकलो. पत्नी तिला पंचात गुंडाळून धरी आणि मी मानेवरची कातडी चिमटीत उचली. पाच महिने हा एक दिवसाआडचा नेम चालला.

मार्गशीर्षात तिने अन्न सोडले. ती पुन्हा त्याच कपाटाखाली जाऊन बसली. “सर, मांजर दुखतंय म्हणून ओरडत नाही. ते लपून बसतं,” डॉक्टर म्हणाले, आणि तिला शांतपणे निजवण्याचा विचार करावा असे त्यांनी सुचविले. घरी आल्यावर पत्नी म्हणाली, “अहो, देवाच्या मनात येईल तेव्हा तो नेईल. आपण कोण?” काशीचे सोन्याचे मांजर तिने बोलून दाखविले नाही, परंतु ते आम्हां दोघांच्याही मनात होते.

त्या रात्री मला साबरमती आश्रमातील वासराची आठवण झाली. १९२८ साली आश्रमातील एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. उपचार थकले तेव्हा गांधीजींच्या संमतीने आणि त्यांच्या समक्ष डॉक्टरांनी त्याला विषाची सुई दिली. अहिंसेच्या उपासकाने गोवत्स मारले, म्हणून केवढे काहूर उठले! संतापाची पत्रे आली. गांधीजींनी ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’ मधून आपल्या कृतीचे समर्थन केले. मारणे ही नेहमीच हिंसा नसते. स्वार्थाने किंवा क्रोधाने दिलेली पीडा ही हिंसा होय, असा त्यांचा आशय होता. हाच न्याय ते स्वतःलाही लावण्यास तयार होते. ज्या प्राण्याला जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरेल त्याला संपविता येते, हे तत्त्व १९६० च्या कायद्याच्या १३ व्या कलमातही आले आहे.

तथापि तत्त्व पटणे वेगळे आणि दूरध्वनी उचलणे वेगळे. मी तो तीन दिवस उचलला नाही. उद्या खाईल, परवा खाईल, असे म्हणत राहिलो. आज मागे वळून पाहता ते तीन दिवस ठमीसाठी नव्हते, माझ्यासाठी होते, हे मला मान्य केले पाहिजे. तिला मरणाचे भय होते की नाही, मला ठाऊक नाही. तिच्यावाचूनच्या घराचे भय मला निश्चित होते. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे दिवस आपण कोणासाठी वाढवीत आहोत?

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर घरी आले. पत्नीने तिला मांडीवर घेतले. प्रथम गुंगीची सुई, नंतर भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. दोन-चार मिनिटांत सारे संपले. मृत्यूनंतर मांजराचे डोळे उघडेच राहतात, हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते, म्हणून आम्ही घाबरलो नाही. पत्नी म्हणाली, “आजींना कळवायला हवं होतं.” मग आजी आता नाहीत, हे तिच्या ध्यानात आले.

मूठभर मातीचा प्रश्न

यानंतरचा प्रश्न अगदी व्यावहारिक होता. वाड्याला अंगण होते, परसात पारिजातक होता. सदनिकेला वाहनतळ आहे, आणि तो सबंध फरसबंद आहे. सव्वादोन किलोंच्या देहासाठी हातभर जमीन आमच्या मालकीची नव्हती. कचऱ्याच्या गाडीवाल्याला द्या, असे इमारतीतील एका गृहस्थांनी सुचविले. ते दुष्टपणे म्हणाले नाहीत, त्यांना दुसरा मार्गच ठाऊक नव्हता. अखेर शाळेतील एका जुन्या सहकाऱ्याच्या शहराबाहेरील भूखंडावर, तगरीच्या झाडाखाली आम्ही तिला पुरले. मुंबई महापालिकेने २०२३ साली मालाड येथे लहान प्राण्यांसाठी दहनाची व्यवस्था सुरू केली आहे. ज्या मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली, तेथे हे २०२३ साली व्हावे, ही गोष्ट समाधानाची आणि खेदाची दोन्ही आहे. राज्यातील प्रत्येक नगरपालिकेला एवढे करणे अशक्य नाही. हा श्रीमंतांच्या लाडांचा प्रश्न नव्हे. बंगल्याला बाग असते. जागा नसते ती दोन खोल्यांत राहणाऱ्याला.

माणसे उपाशी असताना मांजरासाठी अश्रू कसले, असे विचारणारे विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु मांजरासाठी रडणारा माणूस माणसांसाठी रडणे थांबवितो, असा माझा अनुभव नाही. करुणा ही काही शिधापत्रिकेवर मोजून मिळणारी साखर नव्हे, की एकाला दिली तर दुसऱ्याच्या वाट्याची कमी व्हावी. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा शोकाला एक नाव दिले. त्याचा अर्थ, समाजाने ज्याचा हक्कच मान्य केलेला नाही असे दुःख. त्याला सुतक नसते, भेटायला कोणी येत नाही, रजा मिळत नाही. ते माणसाने एकट्याने आणि शक्य तो लपवून सोसावयाचे असते. दुखणे आले की मांजर जसे कपाटाखाली जाते, तसेच.

माझ्या त्या विद्यार्थ्याने ते लपविले नाही. तापाचे खोटे कारण लिहिले असते, तर कोणी हसले नसते. त्याने खरे लिहिले, आणि खरे बोला असे रोज सांगणाऱ्या शिक्षकाने त्या खऱ्यावर लाल रेघ ओढली. तो आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. तो अर्ज त्याला आठवत नसेल, अशी मी आशा करतो. पण आठवत असेल, असे मला वाटते. आज शाळेत शिकविणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढेच सांगावेसे वाटते की, असा एखादा अर्ज आला तर शब्द दुरुस्त करण्याची घाई करू नये. मांजराचे नाव काय होते, एवढे विचारावे.

मी गेली अनेक वर्षे रोजनिशी लिहितो. त्या दिवसाच्या पानावर, व्याकरणाचे सर्व नियम ठाऊक असतानाही, मी ‘आज सकाळी दहा वाजता ठमी वारली’ असेच लिहिले आहे. ते मी खोडलेले नाही.