जुन्या फियाटचे अस्सल सुटे भाग

फुलसावंगी गावात कुणाच्या वाड्यात 1964 नंतरची फियाट 1100 डिलाइट उभी असेल, तर ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. पुढे तीच पद्मिनी झाली, म्हणून दोन्हींचे पुष्कळ भाग जुळतात. पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून दशकानुदशके धावली. त्यामुळे इंजिनचं सामान त्यामानाने सहज सापडतं. दमछाक होते ती काचा, दिव्यांच्या कडा, क्रोमच्या पट्ट्या जमवताना. त्यासाठी मुंबईच्या चोरबाजारातली मटण स्ट्रीट आणि कुर्ल्याची भंगार दुकानं धुंडाळावीत. जुना भाग नमुन्यादाखल सोबत न्यावा. फोटोवर भागत नाही. गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर 2021च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतल्या या नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये.