औषधनिर्मितीतील पर्यावरणनिष्ठ सेवकव्यवस्थापन

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकून इंदापूरकडे जाताना पळसदेव लागते. आज दिसते ते गाव पुनर्वसित आहे. मूळ गाव उजनीच्या जलाशयात गेले. भीमा नदीवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. पाऊस ओढ देतो, उपसा चालूच राहतो, धरण उणे पातळीत जाते आणि मग पळसनाथाचे पुरातन दगडी मंदिर पाण्याबाहेर येते. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते असेच उघडे पडले होते.

मंदिर पाहण्यास येणाऱ्यांचे लक्ष शिल्पाकडे जाते. वैद्याचे लक्ष पाण्याकडे जावयास हवे. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांतून पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरांचे सांडपाणी भीमेत आणि पुढे या जलाशयात उतरते. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा विचार करताना वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीची लक्षणे दिली आहेत. वर्ण, गंध, रस, स्पर्श बिघडलेले आणि जलचर पक्ष्यांनी सोडून दिलेले पाणी हे दूषित उदकाचे लक्षण तेथे सांगितले आहे. भिगवणच्या पाणथळीवर रोहित पक्षी अद्याप येतात, हे आपले भाग्य. परंतु एवढ्या एका लक्षणावरून रोगी बरा आहे असा निर्वाळा कोणताही वैद्य देणार नाही.

हे पाणी ज्या नदीचे, तिचा उगम भीमाशंकरच्या डोंगरात आहे, आणि त्याच परिसरातील आंबेगाव-जुन्नरच्या रानांतून आपल्या औषधशाळांना हिरडा मिळतो. म्हणजे एकाच नदीच्या माथ्यावरून आपण द्रव्य घेतो आणि पायथ्याशी धोवण सोडतो. या दोन टोकांच्या मध्ये यंत्रे थोडी आणि माणसेच अधिक आहेत: रानात फळे वेचणारा, गोदामात ती निवडणारी बाई, भट्टीवरचा मनुष्य, पिंपे धुणारा पोऱ्या. औषधशाळेचे पर्यावरणविषयक धोरण मालकाच्या टेबलावर लिहिले जात असले तरी प्रत्यक्षात ते या चार-पाच जणांच्या हातांत असते. त्या हातांना आपण कशासाठी वेतन देतो, यावर द्रव्याचा गुण, इंधनाचा खर्च आणि व्यवसायाचे आयुष्य अवलंबून आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

व्यवस्थापनशास्त्रात हा विषय तसा नवा नाही. वॉल्टर वेर्मायर यांनी १९९६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात मनुष्यबळ आणि पर्यावरण यांची सांगड प्रथम विस्ताराने घातली गेली. पुढे २०१३ मध्ये रेनविक, रेडमन आणि मॅग्वायर यांच्या आढाव्याने तोवरचे संशोधन क्षमता, प्रेरणा आणि संधी या तीन सूत्रांत बांधले. सेवकाला काम येत असावे, ते चांगले करावेसे वाटावे आणि करण्यास वाव मिळावा, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्या वाचकांना येथे खुड्डाकचतुष्पाद अध्यायाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. चरकाचार्यांनी उपस्थात्याचे म्हणजे परिचारकाचे चार गुण सांगितले: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. पहिले दोन क्षमतेत येतात, अनुराग हीच प्रेरणा. संधी मात्र त्या यादीत नाही, कारण ती सेवकाचा गुण नव्हे. ती देणे हे मालकाचे काम आहे. चरकांचा परिचारक रुग्णशय्येपाशी उभा आहे, तो औषधशाळेत आणण्याचे स्वातंत्र्य प्रस्तुत लेखकाने घेतले आहे.

भट्टीचा हिशेब

प्रथम भट्टीकडे वळू, कारण तेथील गणित कोणालाही करून पाहता येते. कठीण द्रव्याचे २५ किलो भरड चूर्ण घेतले, सोळापट म्हणजे ४०० लिटर पाणी घातले आणि चतुर्थांश उरवले, तर ३०० लिटर पाण्याची वाफ करावी लागते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे १ लाख ६२ हजार. शिवाय ४०० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास ३० हजार. एकूण १ लाख ९२ हजार किलोकॅलरी. वाळलेल्या लाकडाच्या किलोमागे साडेतीन हजार किलोकॅलरी धरल्या आणि उघड्या चुलाणाची कार्यक्षमता पंधरा टक्के मानली, तर या एका घाण्याला सुमारे ३६५ किलो लाकूड जळते. जाळी, धुराडे आणि बंदिस्त तोंड असलेल्या भट्टीत कार्यक्षमता तीस टक्क्यांवर गेली, तर तोच काढा निम्म्या लाकडात होतो. लाकूड ओले असेल, आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास असेल, तर त्यातून मिळणारी उष्णता वाळलेल्या लाकडाच्या जेमतेम दोन-तृतीयांश.

आता या आकड्यांमागचा मनुष्य पाहा. काढा उघड्या तोंडाच्या पात्रात मृदू अग्नीवर आटवावा, हा शास्त्राचा दंडक. त्यामुळे झाकण घालून इंधन वाचवण्याचा मार्ग आपल्याला मोकळा नाही. पण मृदू अग्नी हा मार्ग मोकळा आहे आणि तो द्रव्याच्याही हिताचा आहे: प्रखर जाळ पात्राच्या कडेने वर निघून जातो, तळाशी द्रव्य करपते, सुगंधी घटक उडतात. म्हणजे येथे शास्त्राज्ञा आणि इंधनबचत यांचे अजिबात वैर नाही. वैर आहे ते मालकाच्या सूचनेशी. 'पाच वाजेपर्यंत घाणा उतरला पाहिजे' एवढेच ज्याला सांगितले आहे, तो भट्टी भरभरून पेटवणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आपण मागितले तेच दिले. लाकूड आदल्या हंगामात भरून आडोशाला वाळवणे, ते तोलून देणे, घाण्यागणिक वजन फळ्यावर लिहिणे आणि बचतीचा काही भाग महिनाअखेर त्याच्या हाती ठेवणे, या गोष्टींना यंत्रसामग्री लागत नाही. वजनकाटा तर प्रत्येक औषधशाळेत असतोच.

काढा गाळून उरलेल्या चोथ्याचाही प्रश्न याच मनुष्याच्या हाती आहे. उन्हात पसरून वाळवला तर चोथा जळणात चालतो, शेणात मिसळला तर खत होते. ओला ढीग ओढ्याकाठी टाकला तर पहिल्या पावसात तो कुजून पाण्यातील प्राणवायू खातो. बारामती-इंदापूरच्या कारखानदारीत उसाचे चिपाड आज कोणी फेकून देत नाही, त्यावर बाष्पक चालतात आणि वीजही होते. आपल्या चोथ्याला तो मान मिळालेला नाही. रसशाळा विभागातील धोवण आणि गाळ यांना मात्र हे लागू नाही. कज्जलीचा खल धुतलेले पाणी खताच्या खड्ड्यात वा सामान्य गटारात जाता कामा नये. खल प्रथम कोरडा पुसून घ्यावा, ते पुसणे वेगळे साठवावे आणि पारदयुक्त कचरा धोकादायक कचऱ्याच्या नियमांप्रमाणेच सोपवावा. हे काम बहुधा सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या मुलाकडे दिलेले असते. पारद म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हजेरीपटावर नसलेले सेवक

आपल्या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाचा सेवक आपल्या हजेरीपटावर नाही. तो रानात आहे. अर्जुन, अशोक, कुटज यांची साल त्याला किलोच्या भावाने विकायची असते. किलोचा भाव म्हणजे त्याला दिलेली आज्ञाच: जितकी निघेल तितकी काढ. खोडाच्या एका बाजूची साल उभ्या पट्टीत काढली तर झाड जगते आणि जखम भरून येते. सभोवार गोलाकार काढली तर झाड मरते. दुसऱ्या पद्धतीने दिवसाकाठी वजन अधिक भरते. सह्याद्रीतील नरक्या वनस्पतीची जी अपरिमित तोड झाली, तिच्यामागेही वजनाचीच मागणी होती. कच्चे फळ झोडपून पाडणे, मुळासकट उपटणे, ओला माल वजन भरावे म्हणून तसाच बारदानात कोंबणे हे सारे याच भावपद्धतीचे परिणाम आहेत, आणि ते शेवटी बुरशीच्या रूपाने आपल्याच गोदामात येतात. योग्य भूमी, योग्य ऋतू आणि धूळ, धूर, ओल यांपासून दूर साठवण, हे संहितांनी सांगितले. ते पाळण्याचे मोल संग्राहकाला आपण देतो का?

याचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आपल्याच प्रांतात झाला आहे. पुण्यातील अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने उत्तर सह्याद्रीतील बेहडा आणि हिरडा यांच्या संग्रहासाठी फेअरवाइल्ड हे प्रमाणीकरण आणले. इंग्लंडमधील पक्का हर्ब्ज ही कंपनी या मालाची ग्राहक झाली, आणि महादेव कोळी समाजातील संग्राहकांना या कामात सामील करून घेतले गेले. फेअरवाइल्डच्या २०१० च्या मानकात ११ तत्त्वे होती. त्यांचा गाभा असा: प्रथम रानातील झाडांची मोजदाद, त्यावरून किती फळे घ्यावयाची याची मर्यादा, संग्राहकांचे प्रशिक्षण, मालाची नोंद आणि रास्त भाव. बेहड्याच्या जुन्या प्रचंड वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. फळाला चांगला भाव मिळाला तर असे झाड लाकडासाठी तोडण्यापेक्षा राखणे जमीनमालकाला परवडते, हे या कामाचे इंगित आहे.

येथे पैसे केवळ वजनाला मिळत नाहीत. पक्व फळ, योग्य वाळवण, मर्यादेचे पालन आणि नोंद यांनाही मिळतात. औषधशाळेला त्याचा लाभ सरळ आहे. माल कोणत्या रानातला, कोणत्या महिन्यातला हे कळते, निवडताना फेकावा लागणारा भाग घटतो आणि पुढच्या वर्षी झाड जागेवर असते. प्रमाणपत्राचा खर्च लहान औषधशाळेला झेपणार नाही, हे खरे. पण दोन प्रतींचे दर ठेवणे, वाळलेल्या मालाला चढा भाव देणे, हंगामापूर्वी एकदा संग्राहकांच्या वाडीवर जाऊन बसणे यास प्रमाणपत्र लागत नाही. चार-पाच लहान औषधशाळांनी मिळून खरेदी केली तर दलालाच्या हातचा नफा या चढ्या भावाला पुरू शकतो. आपल्या संघटनेने हा विषय हाती घ्यावा, असे मला वाटते.

चिकित्सालयापुरते

केवळ रुग्णसेवा करणाऱ्या वैद्यांनी हा लेख औषधशाळांसाठी आहे असे समजू नये. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनवणाऱ्या वैद्यांना अनुसूची 'टी'तून सूट आहे, जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतून नाही. रक्तमोक्षण, जलौकावचरण, अग्निकर्म जेथे होते तेथे रक्ताने भिजलेला कापूस आणि सुया निर्माण होतातच. या नियमांनी कचरा हाताळणाऱ्या सर्वांना कामावर घेताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण, वार्षिक आरोग्यतपासणी आणि हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस बंधनकारक केली आहे. पंचकर्म विभाग झाडणाऱ्या मावशींची लस झाली आहे का, हा प्रश्न आपण कितीजणांनी विचारला असेल? औषधशाळांबाबत अनुसूची 'टी'नेही (अधिसूचना २०००, सुधारणा २००३) कामगारांची वार्षिक तपासणी आणि सांडपाण्याची प्रक्रिया एकाच चौकटीत ठेवली आहे. निरीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी आपण त्या चौकटीकडे पाहतो, ही गोष्ट वेगळी.

या साऱ्याने नफा निश्चित वाढतो का? मालक मंडळींना हा प्रश्न पडणे रास्त आहे. हरित मनुष्यबळ व्यवस्थापनावरील पुष्कळसे संशोधन कर्मचाऱ्यांनी एका वेळी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहे; त्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. चांगली चाललेली संस्थाच सेवकांवर आणि पर्यावरणावर खर्च करू शकते, असेही असेल. म्हणून मी परदेशी सारण्यांपेक्षा भट्टीच्या हिशेबावर भर दिला. लाकडाचे वजन खोटे बोलत नाही.

एक अडचण मात्र आमच्या भागाची खास आहे. गळीत हंगाम सुरू झाला की हाताशी असलेला मनुष्य साखर कारखान्याकडे वळतो. लोणी देवकर, बारामती, कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती बारमाही खुणावतात. बेहडा-आवळ्याचा हंगामही नेमका तेव्हाच. शिकवलेला मनुष्य गेला की शिकवलेलेही जाते. यावर पगारवाढ हा एक उपाय आहेच. दुसरा उपाय म्हणजे शिकवण एका माणसात न ठेवता दोघांत ठेवणे आणि फळ्यावरचे आकडे महिनाअखेर वहीत उतरवणे. वही घालताना रकाने थोडे ठेवावेत: तारीख, द्रव्य व वजन, घातलेले पाणी, उरलेला काढा, लाकूड, आणि भट्टीवर कोण होते. पहिल्या महिन्यात आकडे विचित्र येतील, त्यावरून कोणालाही बोल लावू नये. पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील घाणे स्वतंत्र पाहावेत, आणि वही मालकाच्या कपाटात न ठेवता भट्टीजवळच खुंटीला टांगावी.