टेहळणीचा अधिकार आणि नागरिकांचा खासगीपणा

दिल्लीत १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला. त्या खटल्यात ध्वनिमुद्रित दूरध्वनी संभाषणे पुरावा म्हणून मांडण्यात आली. दहशतवादाच्या तपासात टेहळणीची उपयुक्तता नाकारता येत नाही. प्रश्न आहे तो तिच्यावरील नियंत्रणाचा.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या नियंत्रणाची चौकट आखून दिली. आदेश सर्वसाधारणपणे गृहसचिवांनी द्यावा, तो दोन महिने लागू राहावा, एकूण मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि केंद्रात मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो तपासावा, असे ठरले. न्यायाधीशांची पूर्वपरवानगी मात्र बंधनकारक करण्यात आली नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालील २०२४ च्या नियमांतही मूळ चौकट तीच आहे.

'पोटा' २००४ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात कलम ४६ समाविष्ट झाले. त्यानुसार असे संभाषण पुराव्यात वापरावयाचे असल्यास मूळ आदेशाची प्रत आरोपीला सामान्यतः दहा दिवस आधी द्यावी लागते. ज्याच्यावर खटलाच भरला जात नाही, त्याला मात्र काहीही कळविण्याची तरतूद नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यावरील निर्बंधास कायद्याचा आधार, वैध उद्दिष्ट आणि प्रमाणबद्धता आवश्यक ठरली. आदेश देणारे आणि तो तपासणारे दोघेही कार्यकारी मंडळाचेच अधिकारी असल्याने प्रमाणबद्धतेची स्वतंत्र तपासणी हा या व्यवस्थेतील अपुरा दुवा ठरतो.